हाफिजजींचं पोट

ढाणकीच्या बसस्टँडमागं रहेमानचं दुकान होतं. पाण्याच्या मोटारी, पंखे आणि फवारणीचे पंप तो दुरुस्त करायचा. बाजारात त्याला रहेमान मिस्त्री म्हणत, पण मशिदीच्या गल्लीत तो हाफिजजीच. तेराव्या वर्षी त्यानं सबंध कुरआन तोंडपाठ केलं होतं, आणि लग्न झालं त्या वर्षापासून रमजानमध्ये तरावीहची नमाज तोच पढवत आला होता. तरावीहमध्ये महिनाभर रोज थोडं थोडं करत पूर्ण कुरआन म्हणून व्हायचं असतं. समोर पुस्तक नाही, कागद नाही. मागच्या रांगेत दुसरा एक हाफिज उभा असतो. पुढचा अडला की तो हळूच शब्द देतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. रहेमानला लुकमा घ्यायची पाळी एखाद्या वर्षीच यायची, आणि तेवढ्यानंही त्याचं तोंड दोन दिवस उतरलेलं असायचं.

त्याला सत्तेचाळिसावं लागलं त्या पावसाळ्यात टायफॉइड झाला. औषधानं ताप गेला, पण पोट काही जागेवर आलं नाही. पंधरा दिवस बरं असायचं, मग जुलाब, पोटफुगी, पुन्हा बद्धकोष्ठ. कापसाची बाजारपेठ त्या दिवसांत थंडच होती, हाती पैसा नव्हता, दुकान बंद ठेवून दवाखान्यात कोण जाणार? मेडिकलमध्ये टायफॉइडच्या वेळचं पाकीट दाखवायचं, तशाच गोळ्या आणायच्या, दोन दिवस खायच्या, जरा बरं वाटलं की सोडून द्यायच्या. पुन्हा पोट बिघडलं की पुन्हा तेच. वर्षभरात असं किती वेळा झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. भाकरी खाल्ली की पोट फुगतं म्हणून भाकरी सुटली, डाळी सुटल्या, ताक सुटलं. शेवटी चहा आणि टोस्ट राहिला.

त्याची बायको जमिला वैतागून म्हणायची, "भाकरीले भेता, ताकाले भेता, अन् गोळ्याले काहून भेत नाही?"

"गोळीनं बरं वाटते ना," तो म्हणायचा.

त्याच वर्षात तो विसरायला लागला. आधी साध्या गोष्टी. हातात पाना असायचा आणि तो पाना शोधत असायचा. जमिलाला एक गोष्ट सांगायची, अर्ध्या तासानं तीच पुन्हा. फुलसावंगीला दिलेल्या सख्ख्या बहिणीचा विषय निघाला, तर तिचं नाव त्याच्या तोंडी येईना, "ते आपली, ते," करत राहिला. जमिला हसली, पण तिला आपले सासरे आठवले. ते शेवटी शेवटी घराच्या अंगणात उभं राहून घराचं दार विचारायचे, आणि तेव्हा त्यांना साठही पुरी झाली नव्हती. हे तिनं पाहिलं होतं. बोलली मात्र कोणापाशी नाही.

रमजान आला तो ऐन उन्हाळ्यात. पहिले चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी पोटात सकाळपासून गुरगुर होती. नमाजला तो पुढं उभा राहिला, सुरुवात नेहमीसारखी झाली. कुरआनमध्ये काही आयती, म्हणजे ओळी, अशा आहेत की सुरुवात अगदी सारखी आणि पुढं वाटा वेगळ्या. एका सूऱ्यातून, म्हणजे अध्यायातून, चालताना नकळत माणूस दुसऱ्यात शिरतो. रहेमान शिरला. मागून परवेजनं शब्द दिला. परवेज हा गल्लीतलाच तरुण हाफिज, कुरआनच्या तीस भागांपैकी शेवटचे दहा पारे रहेमानकडेच पाठ केलेला. रहेमाननं शब्द घेतला, पुढं गेला, आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच फाट्यावर येऊन पुन्हा चुकीच्या वाटेला लागला. परवेजनं जरा मोठ्यानं शब्द दिला. रहेमान गप्प झाला. शब्द त्यानं नीट ऐकला होता. तो ओळखीचाही होता. पण तो कुठं लावायचा, त्याच्या मागं काय होतं आणि पुढं काय, ते काहीच उमजेना. मशिदीत पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. कोणीतरी खाकरलं. तो पठण तिथंच थांबवून रुकूसाठी वाकला.

सलाम फिरवून तेवढी नमाज संपवल्यावर तो परवेजला म्हणाला, "बाकीची तू पढव. उद्याही तूच."

"हाफिजजी, गरमी हाय, रोजा हाय, होते असं..."

"नाही होत," रहेमान म्हणाला आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कोणी काही बोललं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. घरी येऊन तो बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसला. मग म्हणाला, "जमिला, माझ्याकडून काय गुनाह झाला असंल? कुरआन असं कोणाच्या छातीतून निघून जात नाही. अल्ला काढून घेते तवाच जाते."

जमिलानं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

---

त्यांची मुलगी उमेरा नांदेडला एम.एस्सी. करत होती, सूक्ष्मजीवशास्त्रात. ईदला ती आली तेव्हा घरात बोलणंच कमी झालेलं होतं. अम्मीनं तिला सगळं स्वयंपाकघरात कुजबुजत सांगितलं. उमेरा तेव्हा सगळं ऐकून परत गेली. ऑगस्टमध्ये मात्र एका शनिवारी ती न सांगता घरी येऊन थडकली. कॉलेजात बाहेरून आलेल्या एका बाईंचं आतडं आणि मेंदू यांवर व्याख्यान झालं होतं, ते ऐकल्यापासून तिला राहवत नव्हतं.

"अब्बा, तुमचं पोट अन् तुमचं विसरणं, हे दोन वेगळे नसतील तं?"

रहेमान मोटारीची गुंडाळी करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आपल्या आतड्यात जिवाणू असतात. मोजता येणार नाहीत इतके. ते आपले दुश्मन नाहीत, आपलं अन्न तेच मोडून देतात. ते जे तयार करतात, त्यातलं काही रक्तातून, काही नसांवाटं मेंदूवर असर करते, असं लोक आता तपासून राह्यले. चाळीस-पन्नाशीच्या लोकांचं पोट अन् त्यांची याददाश्त, दोन्ही पडताळून पाहून राह्यले. तुम्ही वर्षभर ज्या गोळ्या खाल्ल्या, त्या गोळ्या चांगले-वाईट दोन्ही मारतात. त्यात तुम्ही खाणंबी सोडलं. वावरात तणनाशक मारलं अन् बी पेरलंच नाही, तसं झालं ते."

आता रहेमाननं हातातली तार खाली ठेवली.

"म्हंजे मी तेरा वर्साचा असताना जे पाठ केलं, ते किड्याइच्या मेहेरबानीनं होतं?"

"तसं नाही अब्बा."

"मंग कसं? कुरआन माझ्या पोटात होतं काय?"

उमेरा गडबडली. तिला वाटलं होतं अब्बांना हायसं वाटेल. ती म्हणाली, "मी एवढंच म्हणते, तुमचा काही गुनाह नसंल. आजार असंल."

रहेमाननं तार पुन्हा उचलली. मग हळू म्हणाला, "हे मले सोपं वाटून राह्यलं, बेटा. म्हूनच मले ते खरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी उमेरा परत गेली. जाताना ती नांदेडच्या एका डॉक्टरकडे चला म्हणाली, आणि तिनं त्याच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं. त्यानं आठवड्यानं नवीन आणलं.

---

ते गुलाबी अळीचं साल होतं. कपाशी डोक्याबरोबर वाढली होती आणि फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या. रहेमानच्या दुकानापुढं पंपांची रांग लागायची. त्याच्याबरोबर शाळेत शिकलेल्या पंजाबरावचा मुलगा विक्की एका सकाळी पंप घेऊन आला. बौद्धवाड्यातलं हे घर रहेमानला स्वतःच्या घरासारखं. पंपाच्या झाकणातून गळत होतं. रहेमाननं झाकण उघडलं, जुनं वायसर काढून फेकलं, नवीन काढून टेबलावर ठेवलं, आणि तेवढ्यात कोणी मोटार घेऊन आलं. त्याच्याशी बोलणं झाल्यावर त्यानं पंपाचं झाकण गच्च फिरवलं आणि पंप विक्कीच्या हाती दिला.

तीन दिवसांनी दुकानात बातमी आली की पंजाबरावच्या विक्कीला विषबाधा झाली. फवारता फवारता त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली, वावरातच पडला. उमरखेडला नेलं, तिथून यवतमाळला. त्या दिवसांत अशी माणसं रोजच जात होती, सांगणाऱ्याला त्याचं फार नवल नव्हतं. "पाठ सारी ओली होती म्हणे त्याची औषधानं," एवढं सांगून तो गेला.

रहेमाननं टेबलावरच्या डब्या सरकवल्या. नवीन वायसर तिथंच पडलेलं होतं. त्यानं ते उचललं. ते आपण काढून ठेवलं होतं, हे त्याला आठवत नव्हतं. झाकण बसवल्याचंही आठवत नव्हतं. विक्की आला होता एवढंच आठवत होतं, आणि विक्कीनं निळा शर्ट घातला होता हे.

त्यानं शटर ओढलं. जमिलाला घेऊन मिळेल ती एस. टी. पकडली. दवाखान्यात वॉर्डाबाहेर व्हरांड्यातही खाटा टाकलेल्या होत्या. पंजाबराव एका खाटेच्या कडेला बसला होता. विक्कीच्या नाकाला नळी होती. प्रभावती, त्याची आई, पायथ्याशी उभी.

रहेमाननं आधी विक्कीकडे पाहिलं आणि मग दोघांना सांगून टाकलं. "पंजाबभाऊ, वायसर मी बसवलंच नाही. विसरलो. ते माझ्या टेबलावर राह्यलं."

पंजाबराव काही बोलायच्या आत प्रभावती पुढं आली. "विसरले? पोराच्या पाठीवर जहर जाते अन् तुम्ही विसरले? मशिदीत विसरले तं अल्ला पाहून घेईन. हे कोण पाहीन?"

"प्रभा..." पंजाबराव म्हणाला.

"कायले प्रभा? डोकं जाग्यावर नाही तं दुकान कायले उघडता?"

जमिलानं पदराचा बोळा तोंडाला लावला. रहेमान खाली मान घालून उभा राहिला. थोड्या वेळानं पंजाबरावनं त्याला हाताला धरून बाहेर, चिंचेखाली नेलं.

"हे पाय रहेमान. ज्याइचे पंप तुह्याकडं आलेच नाही, तेबी इथं लोळून राह्यले. ते औषधच तसं हाय, अन् कपाशी डोक्यावरून. सारं तोंडावरच येते. विक्कीनं तोंडाले रुमालबी नव्हता बांधला."

"पाठ ओली होती."

"होती."

"मंग मले तू असं सांगू नको."

पंजाबराव त्याला घेऊन परत वॉर्डात आला.

चौथ्या दिवशी विक्की शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला. वाचला. पण त्याच्या उजव्या हाताची थरथर राहिली, ती पुढं कित्येक महिने गेली नाही. भाकरीचा तुकडा मोडताना ती दिसायची.

यवतमाळहून परतल्या दिवशी रहेमाननं दुकानातले सगळे फवारणी पंप लोकांना तसेच परत केले. मग उमेराला फोन लावला. "तू ज्या डॉक्टरचं म्हणत होती, त्याईच्याकडं मले ने. पोटाचं असो का डोक्याचं. माणसं मारेपर्यंत थांबत नाही मी आता."

---

नांदेडच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी रहेमानला तास-दीड तास प्रश्न विचारले. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. त्याला दोन आठवले. घड्याळ काढायला सांगितलं, ते बरोबर काढलं. शंभरातून सात सात वजा करता करता तो मध्येच थांबला. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. वडिलांचं विचारलं तेव्हा जमिलानं पहिल्यांदा ते सगळं मोठ्यानं सांगितलं. रहेमान तिच्याकडे पाहत राहिला. ही गोष्ट इतके दिवस तिच्या मनात होती, हे त्याला तेव्हा कळलं.

सगळे रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "बी-बारा कमी आहे, ते भरून काढू. झोप नाही, खाणं नाही, त्याचाही परिणाम असतो. वर्षानुवर्षं औषधाचे पंप हाताळताय, तेही मी सोडून देणार नाही. डोक्याच्या फोटोत आज काळजीचं काही दिसत नाही. पण वडिलांचं जे झालं तशाची ही सुरुवात नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"आणि आतड्यातले जिवाणू?" उमेरानं विचारलं. हाच प्रश्न विचारायची ती वाट पाहत होती.

"संबंध असू शकतो. चांगल्या चांगल्या लोकांचं त्यावर काम चालू आहे. पण पोट बिघडलं म्हणून डोकं बिघडलं, की दोन्ही तिसऱ्याच कशानं, हे एका माणसाबाबत आज कोणी सांगू शकत नाही. मी सांगितलं तर ते थाप मारल्यासारखं होईल."

"त्यांची विष्ठा तपासली तर? आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये..."

"तपासशील. मोठा रिपोर्ट येईल. वाचशील कसा? त्यांचं टायफॉइडच्या आधीचं पोट कुठंय तुझ्याकडं, ताडून बघायला?"

उमेराचं तोंड पडलं. गेले दोन महिने ती मिळेल ते वाचत होती. आपण अब्बांना घेऊन येऊ, कारण सापडेल, कारण सापडलं की इलाज सापडेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

डॉक्टर बाई रहेमानकडे वळल्या. "मेडिकलमधून गोळ्या आणणं बंद. पुन्हा जुलाब झाले तर आधी मला फोन करायचा. भाकरी, डाळी, भाज्या, ताक, सगळं हळूहळू सुरू करा. थोडं पोट फुगेल, घाबरू नका. हे डोक्यासाठी आहे की पोटासाठी, ते मला विचारू नका. दोन्हींचं नुकसान तरी नक्की नाही. सहा महिन्यांनी या."

एस. टी. मध्ये उमेरा खिडकीला डोकं टेकून बसली होती. रहेमान तिला म्हणाला, "नाराज नको होऊ. बाई खरं बोलली."

"मी तुमाले उगंच आशा लावली, अब्बा."

"लावली तं लावली. पाकीट तं सुटलं."

---

पाकीट खरोखर सुटलं, पण सोपं गेलं नाही. पहिल्या पंधरवड्यात दोनदा पोट बिघडलं. एकदा तो मेडिकलच्या पायरीपर्यंत गेला आणि परत आला. जमिलानं ज्वारीच्या भाकरीचा चतकोर, मुगाचं पातळ वरण, वाटीभर ताक, असं सुरू केलं. मग अर्धी भाकरी. मग अंबाडीची भाजी, बरबटीची, म्हणजे चवळीची उसळ. थंडी संपता संपता तो दोन भाकरी खायला लागला होता आणि पोट बरंचसं गप्प झालं होतं.

दुकान त्यानं पंखे आणि मोटारींपुरतंच ठेवलं. काम झालं की गिऱ्हाइकासमोरच चालवून दाखवायचं, मगच द्यायचं, असा नियम त्यानं स्वतःला घातला. कोणी घाईनं न्यायला लागला तर चिडायचा.

पहाटेच्या नमाजनंतर तो कुरआन म्हणायला बसू लागला. जमिला समोर पुस्तक उघडून बोट फिरवायची. पहिल्यांदा असं बसायला त्याला लाज वाटली, कारण आजवर तो दुसऱ्यांची चूक धरायचा. काही पारे जसेच्या तसे निघाले, एकही अडखळ नाही. काही ठिकाणी मात्र रोज तीच दरी लागायची. आज भरलेली उद्या पुन्हा उघडी. जमिला थांबायची. तो डोळे मिटून बसायचा. कधी सापडायचं. कधी तो डोळे उघडून म्हणायचा, "सांग आता."

एकदा असंच झाल्यावर तो म्हणाला, "अब्बांचं तू मले कधीच नाही सांगितलं."

"काय सांगू? तुमचे अब्बा होते. तुमाले ठावं नव्हतं काय?"

"मले ठावं होतं. तुले भेव वाटते, हे ठावं नव्हतं."

सहा महिन्यांनी नांदेडला पुन्हा पाच शब्द झाले. या वेळी चार आठवले. डॉक्टर बाई खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "पूर्वीपेक्षा बरं आहे. एवढंच. दर वर्षी येत जा." उमेरानं विचारलं, कशानं बरं झालं? बी-बारानं, जेवणानं, गोळ्या सुटल्या म्हणून, झोपेनं, की रोज पाठ म्हणतात म्हणून? बाईंनी खांदे उडवले. "सगळं एकदम बदललं आपण. आता कशाला श्रेय देऊ?" उमेराला ते पटलं, आणि पटूनही ते तिच्या मनाला लागून राहिलं. तिनं आपल्या प्रबंधासाठी आतड्यातल्या जिवाणूंचाच विषय घेतला.

रमजानच्या आधी परवेज घरी आला. "हाफिजजी, यंदा तुमीच पढवा. तुमची तब्येत आता चांगली हाय, सारे म्हणून राह्यले."

रहेमानला पुढं उभं राहायचं होतं. जमिलाला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला. "तूच पढव. मी कोणाचा पंप आजही हाती घेत नाही, परवेज. लोकायची नमाज कशी घेऊ?"

"मंग निदान मागं उभे राहा. लुकमा द्याले."

"त्यालेबी पुरं पाठ लागते."

तो महिनाभर चौथ्या-पाचव्या रांगेत उभा राहिला. परवेज म्हणायचा ते तो मनात म्हणत जायचा. काही दिवशी दोघांचं बरोबर चालायचं. काही दिवशी परवेज पुढं निघून जायचा, आणि रहेमान नुसता उभा राहून ऐकायचा.

ईदच्या दिवशी दुपारी तो शीरखुर्म्याचा डबा घेऊन पंजाबरावच्या घरी गेला. विक्कीला दवाखान्यातून आणल्यापासून तो त्या घरी गेला नव्हता. पंजाबराव त्याला रस्त्यावर भेटायचा, दुकानातही येऊन बसायचा. पण प्रभावती समोरून आली की तोंड फिरवून जायची. पंजाबराव आणि विक्की वावरात गेले होते. प्रभावती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. ती उठली. डबा घ्यावा की नाही असं तिचं क्षणभर झालं, मग तिनं घेतला.

"पोट कसं हाय?" तिनं विचारलं.

"पोट बरं हाय, वहिनी."

"अन् डोकं?"

रहेमान अंगणातल्या खांबाला धरून उभा होता. "काही खरं सांगता येत नाही," तो म्हणाला. "काही दिवस चांगले जातात."

प्रभावतीनं सुपातली डाळ खाली ओतली. "विक्कीच्या हाताचंबी तसंच हाय," ती म्हणाली. मग तिनं बाज सरकवली. "बसा. ते येतीनच आता."